कोरडा पुठ्ठा

मिस्त्रीने डावा गाल थंड फरशीला टेकवला, एक डोळा मिटला आणि बॅटरीचा झोत इंजिनाच्या पोटाखाली टाकला. थेंब होताच. तेलाच्या चेंबरच्या कडेला, नव्याकोऱ्या गॅस्केटच्या खाली, वाटाण्याएवढा काळा थेंब लोंबत होता आणि पडायची त्याला काडीची घाई नव्हती. खालच्या पुठ्ठ्यावर त्याच्या आधीच्यांनी बशीएवढा डाग करून ठेवला होता.

"आहे का?" वरून अण्णांनी विचारलं.

"आहे."

"मला वाटलंच." अण्णांच्या आवाजात तक्रार नव्हती. उलट पेपरात आपल्या मताची बातमी वाचल्यासारखे ते मागे टेकून बसले.

अण्णा म्हणजे त्याचे सासरे. ते दिवाणावर बसले होते आणि मोटारसायकल त्यांच्यापासून हातभर अंतरावर, म्हणजे पुढच्या खोलीतच उभी होती. गाडी रस्त्यावर ठेवली की ती गेलीच, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे रोज उंबऱ्यावर फळी टाकून गाडी बाहेर काढायची आणि फळी टाकून आत घ्यायची. पाहुणा आला तर त्याने गुडघे पोटाशी घेऊन बसावं आणि गाडीच्या आरशात स्वतःचं तोंड बघत चहा प्यावा. अर्थात पाहुणे फारसे येतही नसत.

खोलीला दोन खिडक्या होत्या आणि दोन्ही बंद. धूळ येते. दाराला वरून एक कडी, मधे एक आणि खालून अडसर. आतल्या खोलीत मिस्त्री आणि त्याची बायको राहायचे. मधे भिंत म्हणून एक कपाट उभं होतं. कपाटाच्या पलीकडे पाण्याचा पेला जरी वाजला तरी अलीकडून विचारणा व्हायची, "कोण उठलंय? बरं नाही का?" काळजीपोटीच, त्यात खोट नव्हती. पण त्या काळजीने माणसाला कूस बदलायची चोरी झाली होती.

सासूबाई गेल्या तेव्हा ही दोघं इथे आली होती, अण्णा सावरेपर्यंत म्हणून. अण्णा तर केव्हाच सावरले. सकाळचं फिरणं, दुपारची झोप, संध्याकाळचं भांडण, सगळं पूर्ववत सुरू झालं. आता निघतो, हे वाक्य मात्र कोणाच्या तोंडून निघेना. मिस्त्रीने आपलं दुरुस्तीचं दुकानही याच गल्लीच्या तोंडाशी आणलं. आणि बघता बघता तो घरजावई झाला. समोरच्या शिंप्याने तर त्याला तसं नावच ठेवलं होतं.

अण्णा कचेरीत हेडक्लार्क होते. निवृत्त होताना त्यांनी तिथून दोन सवयी घरी आणल्या. एक, काहीही फेकायचं नाही. दुसरी, जे ढिलं होईल, गळेल, हलेल, त्याला पांढरा दोरा गुंडाळायचा. चष्म्याच्या काडीला दोरा, छत्रीच्या मुठीला दोरा, मोरीच्या नळाला दोरा. गुंडाळीही कशी, एकाशेजारी एक, ओळीने, आणि शेवटी दुहेरी गाठ. बायको म्हणायची, "मी जरा हलले ना, तर मलाही गुंडाळून ठेवतील." ती हे हसत म्हणायची, पण हळू आवाजात, कपाटाकडे बघत.

महिन्याच्या सुरुवातीला मिस्त्रीच्या वस्तादांचा निरोप आला. ज्यांच्या हाताखाली तो काम शिकला ते वस्ताद आता दूरच्या मोठ्या शहरात बस दुरुस्तीच्या कारखान्यात होते. जागा निघाली होती. राहायला दोन खोल्या मिळणार होत्या, त्यांतल्या एकीला गच्ची. महिनाअखेरपर्यंत ये, म्हणाले, पुढे मला जागा धरून ठेवता येणार नाही.

बायकोने गच्चीचं ऐकलं आणि भाजी चिरता चिरता सुरी खाली ठेवली.

"दार उघडं ठेवून झोपू," ती म्हणाली. "गच्चीचं."

त्या रात्री जेवताना मिस्त्रीने घसा खाकरून विषय काढला. त्याला वाटलं होतं, अण्णा संतापतील, निदान ताट तरी सारतील. अण्णांनी शांतपणे घास संपवला.

"जा की," ते म्हणाले. "मी कोण अडवणारा? पोरीचा संसार आहे. फक्त माझी गाडी तेवढी कोरडी करून जा, जावईबुवा. या वयात मला एकट्याला मिस्त्री शोधत हिंडायला लावू नका."

मागणी रास्त होती. शिवाय मिस्त्रीला हायसंही वाटलं होतं. तेल गळतंय, एवढंच ना? त्याने असली इंजिनं डोळे मिटून उघडली होती. त्याने तिथल्या तिथे कबूल केलं, आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

कारण गाडी काही कोरडी होईना. तेल सोडायच्या बोल्टाचा वायसर बदलला. दोन दिवस बरं गेलं, तिसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर टिकली. गिअरच्या दांड्याचं ऑइल सील बदललं. मग चेंबर उघडून गॅस्केट बदललं, दोन्ही बाजू काचेसारख्या घासून घेतल्या, बोल्ट समोरासमोरचे धरून थोडे थोडे आवळले. शिकाऊ असताना वस्तादांनी कान पिळून शिकवलं होतं तस्सं. तरी हा आजचा थेंब लोंबतच होता. महिना संपत आला होता आणि मिस्त्रीने हात टेकायचे तेवढे बाकी होते.

"काय घरजावई," तो चिंध्या झटकायला दारात आला तसा शिंपी आपल्या मशीनवरून म्हणाला, "गळतीच का अजून?"

"बघतोय."

"अहो, साऱ्या गावाच्या गाड्या नीट करता आणि सासऱ्याची हट्ट धरून बसलीय. सासऱ्यावर गेली असणार."

मिस्त्री कसंनुसं हसला. शिंप्याचं बोलणं मनावर घेण्यासारखं नसायचं. पण आज ते बोचलं.

दुपारी अण्णा झोपले. त्याने इंजिन रॉकेलने धुतलं, पुसून लख्ख केलं आणि खडूची बारीक पूड फडक्यातून सगळीकडे झटकली. पांढऱ्या इंजिनावर तेल फुटलं की ओल कुठून सुरू होते ते लपत नाही. मग फळी टाकून गाडी अलगद बाहेर काढली.

"कुठे निघालात?" दिवाणावरून आवाज आला. डोळे मिटलेलेच होते.

"चाचणीला. आलोच."

"लांब जाऊ नका."

तो लांब गेला. गावाबाहेरच्या चढापर्यंत गेला, चढ चढून पलीकडे उतरला आणि परत वर आला. वारा तोंडावर येत होता. एकदा त्याला वाटलं, असंच जावं, बायकोला मागाहून बोलावून घ्यावं. वाटलं आणि लगेच लाजही वाटली. तो परत फिरला.

दारात गाडी उभी करून त्याने वाकून पाहिलं. ओल एका ठिकाणी नव्हती. चेंबरच्या कडेला होती, गिअरच्या दांड्याशी होती आणि वर टॅपेटच्या झाकणापाशीही खडू करडा झाला होता. तिन्ही ठिकाणी एकदम. मिस्त्री उकिडवा बसून राहिला. एखादं सील खराब निघालं असं म्हणता येतं. त्यांतली दोन तर नवीकोरी, आणि तिन्ही एकदम, हे काही सीलचं काम नव्हे. आतूनच काहीतरी तेलाला ढकलत होतं.

त्याने हाताला फडकं गुंडाळलं आणि तेल ओतायच्या भोकाचं झाकण हळूहळू फिरवलं. शेवटच्या आट्याला झाकण उडाल्यासारखं हातात आलं आणि आतून गरम हवा मोठ्याने बाहेर पडली. केव्हापासून दाबून धरलेला श्वास सुटावा तशी.

मग त्याला ब्रीदर आठवला. इंजिनाच्या आत हवा तापते, फुगते, तिला बाहेर जायला एक साधी रबरी नळी असते. मागच्या चाकापर्यंत जाते आणि तिथे उघडीच सोडलेली असते. ती बंद झाली की हवा सापडेल तिथून वाट काढते आणि जाताना तेल घेऊन जाते. कोणीही मिस्त्री ती नळी बघायच्या फंदात पडत नाही, कारण ती बंद होईलच कशाला?

नळी त्याला सीटच्या खाली, चासीच्या आतल्या अंगाला सापडली. नीट वळवून वर बांधलेली होती. दोऱ्याने. एकाशेजारी एक, ओळीने, शेवटी दुहेरी गाठ. त्याने पात्याने दोरा कापला. नळीच्या तोंडात पेन्सिलीचा एक तुकडा घट्ट बसवलेला होता. अर्धी लाल, अर्धी निळी पेन्सिल. कचेरीतली.

आधी त्याला हसू आलं. मग अंगाचा तिळपापड झाला. गिअरचं सील, गॅस्केट, रात्रंदिवसाची डोकेफोड, आणि हे इथे एवढंसं बूच. म्हातारा जाणूनबुजून खेळतोय का आपल्याशी? पण दोरा पिवळा पडून कडक झाला होता. हे आजकालचं काम नव्हतं. वस्तादांचा निरोप यायच्या कितीतरी आधीचं होतं.

संध्याकाळी त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "अण्णा, गाडीच्या मागच्या नळीतून पूर्वी तेल यायचं का हो?"

"यायचं की," अण्णा म्हणाले. "फार नाही, घाम आल्यासारखं. हिची फरशी खराब व्हायची. ही रोज पुसायची बिचारी. मग मी बंदोबस्त करून टाकला." ही म्हणजे सासूबाई. त्यांच्या फोटोकडे त्यांनी हनुवटीने दाखवलं. "का?"

"काही नाही. असंच."

म्हाताऱ्याला खरोखरच काही ठाऊक नव्हतं. मिस्त्रीचा राग जागच्या जागी विरला. पेन्सिल त्याने शर्टाच्या खिशात टाकली आणि कोणालाच काही सांगितलं नाही, बायकोलाही नाही. आधी पुठ्ठा कोरडा दिसू दे, मग सांगू. इतक्या वेळा तोंडावर पडल्यावर माणूस शहाणा होतो.

त्याने इंजिन पुसलं, पुन्हा खडूची पूड झटकली, खाली नवा पुठ्ठा टाकला, अगदी कोरा. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा कोरा होता. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. अण्णांना गुडघ्यामुळे वाकता यायचं नाही. त्यांनी काठीच्या टोकाने पुठ्ठा ओढून बाहेर घेतला, बॅटरीचा झोत टाकला, उलटा करून पाहिला.

"कोरडी दिसतेय," ते म्हणाले.

"दिसतेय," मिस्त्री म्हणाला.

"आणखी एक दिवस बघू."

"बघू ना."

अण्णांनी पुठ्ठा काठीने परत गाडीखाली सारला. मग काठी टेकत स्वैपाकघराच्या दारात गेले. "छकुले," त्यांनी हाक मारली. पस्तिशी ओलांडलेली बाई, पण त्यांना छकुलीच. "चहात आधी साखर टाकतात की पावडर?"

मिस्त्रीने मोटारसायकलच्या आरशातून पाहिलं. बायकोने वडिलांच्या हातात पातेलं दिलं होतं. अण्णांनी गॅसचं बटण उलटीकडे फिरवलं, मग सुलटीकडे, काडी ओढली आणि घाबरून हात मागे घेतला. तोपर्यंत काडी विझली. दुसरी ओढली. तिसरी. ती शेजारी उभी होती, पदराचं टोक मुठीत धरून, मदत न करता. स्वतः करून शिकू दे, असं तिने ठरवलं असावं. चहा उतू गेला. अण्णांनी फडकं घेतलं आणि ओटा पुसू लागले, तेही उलट्या हाताने, चहा आणखी पसरवत.

"येईल हळूहळू," ते म्हणाले. "कचेरीत टंकलेखन नाही का आलं."

त्या दिवशी बायकोने ट्रंक काढली. जाड कपडे खाली घातले, त्यावर त्याचे शर्ट, त्यावर आपल्या साड्या. मग साड्या काढून पुन्हा घड्या घातल्या. घड्या चांगल्याच होत्या.

"वस्तादांना कळवलं का?" तिने कुजबुजत विचारलं.

"उद्या कळवतो. पुठ्ठा बघून."

"गच्ची कोणत्या बाजूला आहे हो? पूर्वेला?"

"ते नाही विचारलं."

तिने आणखी एक साडी मोडून पुन्हा घडी घातली. मग म्हणाली, "गॅस कुठल्या बाजूला बंद होतो तेही माहीत नाही त्यांना."

"शिकतील."

"हो," ती म्हणाली. "शिकतील."

कपाटापलीकडून आवाज आला, "झोपला नाहीत अजून? बरं नाही का?"

"बरं आहे, अण्णा," ती म्हणाली आणि दिवा घालवला.

सकाळी अण्णा फिरायला गेले. मिस्त्री आंघोळ करून, ओलं डोकं पुसत पुढच्या खोलीत आला. आज त्याला उगाच शीळ घालाविशी वाटत होती. त्याने वाकून पुठ्ठा ओढला.

मधोमध डाग होता.

 तसाच ओल्या अंगाने तो फरशीवर आडवा झाला आणि इंजिनाच्या पोटावरून बोट फिरवलं. बोट कोरडं. चेंबरची कड कोरडी, बोल्ट कोरडा. दांड्याशी खडूची पूडसुद्धा अजून पांढरीधोप होती. मग त्याने डागाला बोट लावलं, अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं. त्याला कळायला वेळ लागला नाही. इंजिनात फिरलेलं तेल काळं असतं, त्याला जळका वास असतो. हे तेल मधासारखं होतं, पिवळं, पारदर्शक, बोटाची रेषासुद्धा आरपार दिसत होती. हे इंजिनात कधी गेलेलंच नव्हतं.

तेलाचा डबा कोपऱ्यात, हत्यारांच्या पेटीमागे असायचा. फरशीवर, अगदी भिंतीशी. अण्णांना तिथे वाकताच आलं नसतं. मिस्त्रीने डबा उचलून उजेडात धरला. काळ्या, तेलकट पत्र्यावर चार बोटांचे पांढरे ठसे उठले होते आणि पाचवा, अंगठ्याचा, झाकणावर. कणकेचे. अजून ओले.

स्वैपाकघरात परात सरकल्याचा आवाज येत होता. ती कणीक मळत होती. मळता मळता मधेच आवाज थांबायचा, मग पुन्हा सुरू व्हायचा.

तो डबा हातात धरून उभा राहिला. जाऊन विचारावं असं त्याला वाटलं. तूच म्हणालीस ना, मला इथे शिंकायची चोरी झालीय म्हणून? गच्चीचं दार उघडं ठेवून झोपू म्हणून? दोन पावलं तो गेलाही. दाराच्या फटीतून तिची पाठ दिसली. ती मान खाली घालून, सगळा भार मनगटांवर टाकून कणीक रगडत होती, आणि मधूनच दंडाने डोळे पुसत होती, हात भरलेले म्हणून. त्याला जे विचारायचं होतं ते तिने स्वतःला कितीदा तरी विचारलं असणार.

तो परत फिरला. फडक्याने डब्यावरचे ठसे पुसले, एकूण एक, आणि डबा होता तिथे ठेवला.

बाहेर काठी वाजली. अण्णा आत आले, दाराला मधली कडी घातली, चपला सारख्या करून ठेवल्या. मग त्यांची नजर पुठ्ठ्यावर गेली. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. तेलाचा रंग ओळखण्याइतकं त्यांना गाडीतलं कळत नव्हतं.

"गळतेय तर अजून," ते म्हणाले.

मिस्त्रीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. म्हातारा हसला वगैरे नाही. फक्त त्याचे खांदे, गेले दोन दिवस कानापर्यंत चढलेले, खाली आले. ते दिवाणावर टेकले आणि त्यांनी काठी बाजूला ठेवली.

स्वैपाकघरातला आवाज थांबला होता.

"हो," मिस्त्री म्हणाला, आत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "राहिलंय थोडं. बघतो."

परात पुन्हा सरकली.

"मग वस्तादांचं काय करता?" अण्णांनी विचारलं.

"नाही जमत म्हणून कळवतो. इथली कामंही पडलीत."

"तुम्ही म्हणाल तसं," अण्णा म्हणाले. "छकुले, चहा टाक गं. जावईबुवांना आजही काम आहे."

ती चहा घेऊन आली. हात स्वच्छ धुतलेले होते. कप त्याच्यापुढे ठेवताना तिने मान वर केली नाही, पण कप ठेवून झाल्यावरही तिचा हात तिथेच राहिला, त्याच्या मनगटाला लागून. मग ती आत गेली. थोड्या वेळाने ट्रंक पलंगाखाली सरकवल्याचा आवाज आला.

चहा संपवून मिस्त्री गाडीमागे बसला. आता पुठ्ठा रोज ओला दिसायला हवा होता. म्हणजे रोज सकाळी तिला हातातलं काम टाकून, कान दाराकडे लावून, चोरासारखा डबा उघडायला लागणार. ते त्याला बघवलं नसतं. एवढं तरी तो तिच्यासाठी करू शकत होता.

त्याने खिशातून पेन्सिल काढली. सीटखाली हात घालून नळीचं तोंड शोधलं आणि पेन्सिल आत सारली, निळी बाजू आधी. अण्णांच्या दोऱ्याच्या डब्यातून दोरा घेतला आणि एकाशेजारी एक, ओळीने गुंडाळला. शेवटी दुहेरी गाठ मारून ती ओढून पाहिली. पक्की होती.

मग त्याने दार उघडलं आणि उंबऱ्यावर चिंध्या झटकल्या.

"काय घरजावई," समोरून शिंप्याने विचारलं, "गळतीच का?"

"गळतीच," तो म्हणाला.

"दार लावून घ्या हो," आतून अण्णा म्हणाले. "धूळ येते."

त्याने दार लावून घेतलं.